रिपोर्ट चांगले आहेत, पण माणूस खचलाय

पत्र

‘माझ्या मिस्टरांचं वय 38. आठ महिन्यांपूर्वी त्यांचं किडनी ट्रान्सप्लांट झालं. किडनी सासूबाईंनी दिली. त्याआधी अडीच वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं. ते अंबड एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहेत आणि दोन महिन्यांपासून पुन्हा कामावर जातात. क्रिएटिनिन 1.3 आहे, डॉक्टर समाधानी आहेत. पण घरात वेगळंच चाललंय. रात्री दोन-अडीचला उठून बसतात. हात थरथरतात. बारीकसारीक गोष्टीवरून मुलीवर ओरडतात आणि मग एकटेच रडतात. डॉक्टरांनी महिन्यातून एकदा सांगितलेली रक्ततपासणी चार-चार दिवसांनी परस्पर करून येतात. आईशी नीट बोलत नाहीत, त्यांच्यासोबत जेवायला बसत नाहीत. मागच्या आठवड्यात गोळ्यांच्या डब्यात रात्रीचे दोन डोस तसेच सापडले. परवा म्हणाले, “तुम्हाला सगळ्यांना भिकेला लावण्यापेक्षा तेव्हाच सुटलो असतो तर बरं झालं असतं.” नातेवाईक म्हणतात, आईने दुसऱ्यांदा जन्म दिला, आता कसलं दुःख? मलाही कधीकधी तसंच वाटतं आणि मग स्वतःचीच लाज वाटते. मानसोपचाराचं नाव काढलं तर “मी वेडा नाही” म्हणतात. आणि आधीच एवढ्या गोळ्या, त्यात मनाच्या गोळ्यांची भर पडली तर किडनीला काही होईल का?’
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर

ताई, नातेवाइकांचं बाजूला ठेवा. आधी त्यांच्या परवाच्या वाक्याचं बघू.

‘तेव्हाच सुटलो असतो’ हे माणूस वैतागाच्या भरातही बोलतो, आणि मनात खरोखर तसं घोळत असतं तेव्हाही बोलतो. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. तो विचारल्यावरच कळतो. म्हणून आज रात्रीच विचारा. मुलगी झोपली की, टीव्ही आणि दोघांचे मोबाइल बाजूला ठेवून, सरळ शब्दांत: ‘परवा तुम्ही असं बोललात. जगू नये, स्वतःचं काही करून घ्यावं असं मनात येतं का?’ विचारल्यामुळे नसलेला विचार डोक्यात शिरेल ही भीती मनातून काढून टाका. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून बहुतेकांना मोकळं वाटतं.

उत्तर ‘हो’ आलं तर पुढचं विचारा: कसं, कधी, असं काही ठरवलंय का? ठरवलं असेल, किंवा ते उत्तर टाळतायत असं वाटलं, तर त्या क्षणापासून त्यांना एकटं सोडू नका. घरातल्या सगळ्या गोळ्या, बीपीच्या, झोपेच्या, इन्सुलिन असेल तर तेही, कुलपात ठेवा आणि एका वेळचा डोस तेवढा हातात द्या. त्याच रात्री ट्रान्सप्लांट झालेल्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत किंवा त्र्यंबक नाक्याच्या सिव्हिलला घेऊन जा. गाडीची सोय नसेल तर 108. नुसतं बोलायला कुणी हवं असेल तर टेलिमानसचा 14416 हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. तुम्हालाही लावता येतो, फक्त रुग्णानेच लावायचा असं नाही. पोलीस केस होईल या धास्तीने बरीच घरं गप्प बसतात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाकडे तो तीव्र ताणाखाली होता असं धरूनच बघायचं ठरवलंय, त्यामुळे त्या भीतीने दवाखाना टाळू नका.

‘तसं काही नाही, नुसता कंटाळा आलाय’ असं म्हणाले, तरी या आठवड्याच्या आत डॉक्टरांना सांगायचंच आहे. कारण डब्यात सापडलेले ते दोन डोस.

त्यावर रागावू नका, पण ती बाब लहानही समजू नका. टॅक्रोलिमस, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारं औषध, रक्तात एका पातळीवर राहिलं तरच शरीर दुसऱ्याची किडनी सहन करतं. पातळी वरचेवर खाली गेली की शरीर नव्या किडनीविरुद्ध अँटिबॉडी तयार करायला लागतं. हे रिजेक्शन, म्हणजे शरीराने किडनी नाकारणं, बऱ्याचदा मुकाट्याने चालतं. दुखत नाही, ताप येत नाही, लघवीही नेहमीसारखी होत राहते. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कमी झालं की रक्तात वाढणारा घटक, वाढलेलं दिसेपर्यंत आतलं बरंचसं नुकसान होऊन गेलेलं असतं. त्यामुळे ‘लघवी चांगली होतेय ना, मग झालं’ या हिशेबावर जाऊ नका.

आणखी एक घोटाळा होतो, तो रुग्णाला सहसा माहीत नसतो. चुकलेले डोस लपवून टॅक्रोलिमसच्या लेव्हलची, म्हणजे रक्तातल्या पातळीची, तपासणी केली की ती कमी येते. डॉक्टरांना वाटतं डोस अपुरा पडतोय, ते वाढवतात. मग घरी सगळे डोस नीट चालू झाले की लेव्हल गरजेपेक्षा वर जाते, आणि हाताची थरथर, डोकेदुखी, झोप उडणं हे सगळं वाढतं. म्हणजे ज्या त्रासाला माणूस कंटाळलाय तोच वाढतो. डॉक्टरांसमोर ‘दोन डोस चुकले’ हे तीन शब्द बोलायला लाज वाटते, पण त्या शब्दांनी पुढचा बराच गोंधळ टळतो. लेव्हलसाठी रक्त देताना सकाळची गोळी घेऊन जायची नाही, हेही पक्कं ध्यानात ठेवा. रात्री 9 ला गोळी, सकाळी 9 च्या सुमाराला रक्त, आणि मग सकाळची गोळी. गोळी घेऊन मग लॅबला गेलं की आकडा खोटा वर दिसतो.

डोस उशिरा आठवला तर? सकाळी 9 चा डोस दुपारी 12 ला आठवला तर लगेच घ्यायचा आणि रात्रीचा नेहमीच्या वेळेला. संध्याकाळी 7 ला आठवला तर तो सोडून द्यायचा आणि 9 चा घ्यायचा. मधल्या वेळांसाठी तुमच्या सेंटरचा नियम काय आहे ते विचारून डब्याच्या झाकणाला चिकटवा. दोन डोस एकदम कधीही नाही. आणि आता डोस का चुकले ते विचारा, पण ‘का नाही घेतल्या?’ असं नको. ‘विसरलात, घ्यावीशी वाटली नाही, की पैशाचा विचार आला?’ असं विचारा. तिन्हींवर उपाय निरनिराळे आहेत. विसरण्यावर 9 आणि 9 चा गजर पुरतो. ‘घ्यावीशीच वाटली नाही’ हे उत्तर आलं, तर ते मघाच्या पहिल्या प्रश्नाशी जोडून बघायचं आणि डॉक्टरांना त्याच शब्दांत सांगायचं.

पैशाचं म्हणाल, तर ‘भिकेला लावण्यापेक्षा’ हा शब्द त्यांनी उगीच वापरलेला नसावा. कर्ता माणूस महिन्याच्या औषधांचं बिल बघून मनातल्या मनात स्वतःला खर्चाच्या खात्यात टाकतो आणि गुपचूप एक वेळची गोळी वाचवायला जातो. ही बचत फार महागात पडते. त्यापेक्षा बिलं घेऊन दोघं बसा आणि पुढच्या ओपीडीत विचारा की यातलं काय बंद होऊ शकतं. पहिल्या काही महिन्यांत जंतुसंसर्ग टाळायला दिलेल्या गोळ्या, त्यातली व्हॅलगॅनसायक्लोव्हिर बरीच महाग असते, साधारण तीन ते सहा महिन्यांनी थांबवतात. आठव्या महिन्यात ती चालू असेल तर कारण विचारा. स्वस्त ब्रँड घ्यायचा असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या, आणि बदलल्यावर लेव्हल तपासा. मेडिकलवाल्याने ‘तीच आहे हो’ म्हणून हातात दिलेली गोळी घेऊ नका.

आता थरथर, झोप आणि संताप. यातला बराच भाग औषधांचा असू शकतो, आणि हे त्यांना कुणीतरी नीट सांगायला हवं. ‘माझा स्वभावच बिघडला’ असं वाटून माणूस आतून तुटतो.

प्रेडनिसोलोन, म्हणजे घरोघरी वायसोलोन म्हणून ओळखली जाणारी गोळी, हे स्टेरॉइड आहे. त्याने चिडचिड होते, कारण नसताना रडू येतं, रात्री डोळा लागत नाही. ती सकाळी नाश्त्यानंतर घ्यायची. कामाच्या गडबडीत कुणी दुपारी-संध्याकाळी घेत असेल तर निम्मी रात्र जागरणात जाणारच. हे एवढं एक बदलूनही झोपेत फरक पडतो. पण ‘हिच्यामुळेच सगळं होतंय’ म्हणून ती परस्पर कमी किंवा बंद करायची नाही. महिनोन्महिने घेतल्यावर एकदम थांबवली तर बीपी कोसळतं, उलट्या होतात, माणूस गळून जातो, आणि रिजेक्शनचा धोका वेगळाच.

हाताची थरथर बहुतेक वेळा टॅक्रोलिमसची असते. गोळी घेतल्यानंतर एक ते तीन तासांत औषध रक्तात सगळ्यात जास्त असतं आणि तेव्हाच थरथर जास्त जाणवते. सकाळी 9 ला गोळी घेऊन 10 वाजता व्हर्नियर हातात धरला तर काटा हलणारच, आणि शेजारच्या मशीनवरच्या माणसाने ते बघितलं की मान खाली जाते. जमलं तर बारीक मापाचं काम दुपारकडे ढकलायचं. थरथर फार असेल तर लेव्हल वर गेलीय का, मॅग्नेशियम कमी झालंय का ते तपासतात. दिवसातून एकदाच घ्यायच्या संथ सुटणाऱ्या प्रकाराने काहींची थरथर कमी होते, तो पर्याय डॉक्टरांनाच विचारा. मात्र जोराची डोकेदुखी, डोळ्यांना धूसर दिसणं, बरळणं किंवा झटका, यातलं काही झालं तर वाट न बघता इमर्जन्सी.

रात्री उठण्याचं एक साधं कारण लघवीही असतं. नवी किडनी रात्रीही काम करते. त्यामुळे डॉक्टरांनी दिवसाला जेवढं पाणी सांगितलंय त्यातलं बहुतेक संध्याकाळी 7 पर्यंत संपवा.

आणि नुसतं ‘डिप्रेशन’ म्हणून मोकळं होण्याआधी डॉक्टरांना विचारून काही तपासण्या करून घ्या: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12, सोडियम, मॅग्नेशियम, टॅक्रोलिमस लेव्हल आणि साखर. साखर फक्त उपाशीपोटीची नको. स्टेरॉइडने वाढणारी साखर दुपारच्या जेवणानंतर जास्त पकडली जाते. ट्रान्सप्लांटनंतर नव्याने मधुमेह होणं ही सर्रास आढळणारी गोष्ट आहे, आणि वरखाली होणारी साखर माणसाला थकवते आणि चिडखोर करते. थकव्यासोबत बारीक ताप असेल किंवा पांढऱ्या पेशी घटल्या असतील तर सीएमव्ही या विषाणूचीही शंका घेतात.

हे सगळं तपासूनही मनाचा भाग उरतोच. ट्रान्सप्लांट झालेल्या साधारण चौघांमागे एकाला उदासीनतेचा त्रास होतो असं निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. तुमच्या घरात काहीतरी आगळंवेगळं चाललंय असं समजू नका.

डायलिसिसच्या काळात सगळ्यांनी एकच आशा दाखवलेली असते: ‘एकदा ट्रान्सप्लांट झालं की सुटलास.’ झाल्यावर कळतं की सुटका नाही, उपचाराचा प्रकार बदलला. डायलिसिसच्या वेळी धोका मशीनच्या बाजूला होता आणि दिवस ठरलेले होते. आता धोका पोटात, स्वतःच्या अंगात आहे आणि त्याला वार नाही. त्यातून तो क्रिएटिनिनचा नाद लागतो. संध्याकाळी लॅबची पीडीएफ व्हॉट्सॲपवर येते. चहाचा कप तसाच राहतो. अंगठा खाली सरकत सरकत एका आकड्यावर येऊन थांबतो. 1.3 असेल तर दोन दिवस बरे जातात. 1.4 असेल तर ती रात्र संपली.

त्यांना हे समजावून सांगा: 1.2, 1.3, 1.4 एवढा फरक निरोगी चालणाऱ्या किडनीतही होतो. पाणी कमी पडलं, आदल्या दिवशी मटण झालं, उन्हात घाम गेला, लॅब बदलली, एवढ्यानेही आकडा हलतो. डॉक्टर एका आकड्याकडे बघत नाहीत, ओळीने चार-पाच रिपोर्ट समोर ठेवून कल बघतात. नेहमीच्या पातळीपेक्षा पाव भागाने वाढ झाली आणि दुसऱ्या तपासणीतही ती टिकली, तर ते हलतात. चार दिवसांनी केलेली तपासणी किडनीला काहीच देत नाही. ती मनाला घटकाभर बरं वाटू देते आणि पुढच्या तपासणीची ओढ वाढवते. यावर उपाय म्हणजे नेफ्रॉलॉजिस्टकडून (किडनीच्या डॉक्टरांकडून) पुढच्या तीन महिन्यांच्या तपासण्यांच्या तारखा लिहून घ्या. एकच लॅब. मधे तपासणी कधी करायची त्याची कारणंही त्यांच्याकडूनच लिहून घ्या: ताप 100 च्या वर, लघवी एकदम कमी होणं, एक-दोन दिवसांत दीड-दोन किलो वजन वाढणं, पायावर सूज, बीपी वाढत जाणं, किडनीच्या जागी दुखणं. यातलं काही नसेल तर लॅबला जायचं नाही. त्याऐवजी घरच्या वहीत रोज सकाळी वजन, बीपी आणि तापमान टिपायचं. काळजी करणाऱ्या माणसाला हाताला काम लागतं, आणि हे काम खरोखर उपयोगाचं आहे. पहिले दोन आठवडे त्यांना जड जातील. लॅबला जायची ऊर्मी आली की ती लगेच पुरी न करता अर्धा तास थांबायला सांगा, त्या वेळात सोबत बाहेर चक्कर मारून या. बहुतेक वेळा ती ऊर्मी ओसरते.

सासूबाईंचं मी सगळ्यात हळुवारपणे लिहितोय, कारण तिथे दोघंही दुखावलेले आहेत आणि दोघंही एकमेकांना जपतायत. मुलाला आईचं तोंड बघवत नाही यात कृतघ्नपणा नसतो. या देण्याची परतफेड होऊच शकत नाही, म्हणून तो समोर बसायचं टाळतो. त्यात 1.4 आकडा दिसला की ‘आईची किडनी मी घालवतोय’ असं वाटतं. अशा वेळी ‘आईने तुझ्यासाठी एवढं केलं आणि तू…’ हे वाक्य घरात कुणीही, अगदी प्रेमानेही, बोलू नये. पाहुण्यांना हे तुम्हीच स्वयंपाकघरात बाजूला घेऊन सांगा.

आणि सासूबाईंना विचारा, त्या कशा आहेत. ऑपरेशनपर्यंत सगळं घर दात्याच्या भोवती असतं. ऑपरेशन झालं की महिन्याभरात त्यांचं कुणी विचारत नाही. त्यांच्या मनातही भीती असते, आपली किडनी लागू पडली नाही तर. मुलगा बोलत नाही याचा त्यांनी काय अर्थ लावला असेल ते त्या स्वतःहून सांगायच्या नाहीत. एक किडनी दिलेल्या माणसाची वर्षातून एकदा तपासणी व्हायला हवी: बीपी, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन, साखर, वजन. दिल्यानंतर क्रिएटिनिन आधीपेक्षा थोडं जास्त राहतं, त्याला घाबरू नका. गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड अशा गोळ्या मात्र घ्यायच्या नाहीत. मुलानेही नाही, आईनेही नाही. तर ही आईच्या तपासणीची जबाबदारी तुमच्या मिस्टरांकडे द्या. त्यांनी तारीख घ्यायची, आईला गाडीवर बसवून न्यायचं, रिपोर्ट फाइलला लावायचा. घेणारा माणूस काहीतरी करू लागला की बोलणं आपोआप सुरू होतं. बसवून ‘आता दोघं मनातलं बोला’ असं करायला जाऊ नका, ते आपल्या घरांत अंगावर येतं.

मानसोपचाराबद्दल. त्यांना फसवून नेऊ नका, एकदा विश्वास गेला की पुढचं कठीण. झोप हा चांगला रस्ता आहे. ‘मी वेडा नाही’ म्हणणारा माणूसही ‘झोप लागत नाही’ हे कबूल करतो. आणि हा सल्ला तुमच्या तोंडून नको, नेफ्रॉलॉजिस्टच्या तोंडून यावा. ओपीडीच्या आधी फोन करून किंवा चिठ्ठी लिहून कळवा: डोस चुकलेत, असं वाक्य बोललेत, झोप नाही. ओपीडीत पाच-सात मिनिटं मिळतात, त्यात रिपोर्टचा कागद पुढे गेला की मनाचं राहून जातं. डॉक्टर स्वतः म्हणाले, ‘हाही आपल्या फॉलोअपचाच भाग आहे, यांना दाखवून या,’ की बरेच जण जातात. तिथे बहुधा नऊ प्रश्नांची एक यादी देतात. गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 27. दहा किंवा त्याहून जास्त आले तर नीट तपासणी हवी. पण थकवा, झोप, भूक यांचे गुण ट्रान्सप्लांटच्या रुग्णांत औषधांमुळेही वाढतात. मन कशात लागतं का, उदास वाटतं का, आणि मरणाचे विचार येतात का, या उत्तरांना जास्त वजन द्यायचं असतं.

सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. खासगीत गेलात तर सध्याच्या सगळ्या गोळ्यांची यादी डोससकट न्या, आणि पहिलं वाक्य ‘किडनी ट्रान्सप्लांट झालंय, टॅक्रोलिमस चालू आहे’ हेच असू द्या.

गोळ्यांनी किडनीला काही होईल का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नीट निवडलेल्या औषधाने नाही. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रामसारखी औषधं ट्रान्सप्लांटच्या रुग्णांत वापरली जातात. लहान डोसपासून सुरुवात करतात, पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा थोडी बेचैनी होऊ शकते, आणि खरा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. दहा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नका, आणि बरं वाटल्यावरही परस्पर थांबवू नका. एस्सिटालोप्राम द्यायचं असेल तर आधी एक ईसीजी काढणं बरं. काही औषधांनी मात्र टॅक्रोलिमसची लेव्हल बिघडते. फ्लुवोक्सामिनने ती वाढते, कार्बामॅझेपिनने घटते. लिथियम किडनीवर जड जातं. म्हणून मनाच्या डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी नेफ्रॉलॉजिस्टला दाखवून मगच सुरू करायची, आणि गरज वाटली तर ते काही दिवसांनी लेव्हल करायला सांगतील. शेजाऱ्याने दिलेली झोपेची गोळी नाही. ‘आयुर्वेदिक आहे, काय होतंय’ म्हणून गुळवेलीचा काढा किंवा अश्वगंधाही नाही. प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या या वस्तू, आणि आपण तर तीच दाबून ठेवायला औषधं देतोय. पपनसही खाऊ नका, त्याने लेव्हल वाढते.

गोळ्यांइतकाच बोलण्याचा उपचार कामाचा आहे. आठवड्याला एक बैठक, अशा आठ ते बारा. तिथे ‘आकडा वाढला म्हणजे किडनी गेली’ अशा उड्या मारणाऱ्या विचारांना पकडायला शिकवतात.

बाहेर पडणं वाढवा. नव्या रुग्णाला सुरुवातीला गर्दीपासून दूर ठेवतात, पण आठव्या महिन्यातही घरात कोंडून घ्यायची गरज बहुतेकांना नसते. सकाळी अर्धा तास चालायला गोल्फ क्लबचा ट्रॅक चांगला आहे, उन्हाच्या आधी. बंद हॉलमधलं लग्न, तापलेला माणूस, रामकुंडातली डुबकी, उघड्यावरचा उसाचा रस हे टाळा. 2027 च्या सिंहस्थाच्या पर्वण्यांना घरीच थांबलेलं बरं. बाकी मित्रांकडे जाऊ द्या, मास्क लावून. स्टेरॉइडने गोल झालेला चेहरा बघून लोक ‘तब्येत मस्त सुधारली’ म्हणतात, ते त्यांना बोचत असेल. आरशात स्वतःचा चेहरा परका वाटणं हे लहान दुःख नाही. डोस कमी होत जातो तसा चेहरा बराचसा उतरतो, हे त्यांना माहीत असू द्या. आणि डायलिसिसच्या शेजारच्या बेडवरचा कुणी मित्र होता का, तेही विचारा. आठवड्याला तीनदा चार-चार तास सोबत काढलेली माणसं एका दिवसात तुटतात. त्यातला कुणी अजून मशीनवर असेल, कुणी गेला असेल, तर ‘मलाच का मिळाली’ हे ओझं घेऊन माणूस वावरतो. त्या मित्राला फोन करायला सांगा.

कामावर रात्रपाळी असेल तर डॉक्टरांचं पत्र देऊन काही महिने दिवसपाळी मागून घ्या. ते जमलं नाही तरी गोळीची वेळ पाळीप्रमाणे हलवायची नाही, 9 आणि 9 तेच.

नवरा-बायकोचं नातं, म्हणजे शरीराचंही, याबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण बहुतेक घरांत हा प्रश्न असतो आणि कुणी विचारत नाही. जखम भरल्यावर जवळीक करायला हरकत नसते, त्याने किडनीला धक्का लागत नाही. इच्छा कमी होणं किंवा अडचण येणं यामागे बीपीच्या काही गोळ्या, साखर आणि उदासीनता, तिन्ही असू शकतात. त्यावर उपचार आहेत. मूल हवं असेल तर प्रयत्न सुरू करायच्या आधी नेफ्रॉलॉजिस्टला विचारा, कारण मायकोफेनोलेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाच्या बाबतीत आधीच ठरवावं लागतं.

राहिलात तुम्ही. ‘आता कसलं दुःख’ असं तुमच्याही मनात येतं, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. अडीच वर्षं डायलिसिसच्या फेऱ्या, मग दोन ऑपरेशनं एका घरात, आणि आता घरातल्या प्रत्येकाच्या मूडवर लक्ष. दमलेल्या माणसाला राग येतो. गोळ्यांच्या डब्यावर चोवीस तास पहारा देऊ नका. रविवारी दोघं मिळून आठवड्याचा डबा भरा, आणि पुढच्या रविवारी रिकामा झालाय का तेवढं बघा. रोज ‘घेतली का?’ विचारलं की ते आई आणि मुलाचं नातं होतं, नवरा-बायकोचं राहत नाही. मरणाचा विषय पुन्हा निघाला तर मात्र हा नियम मोडा आणि डबा तुमच्या ताब्यात घ्या. तुमच्या माहेरचं किंवा ओळखीचं एक माणूस असं धरा, ज्याला आठवड्यातून एक संध्याकाळ घरी येऊन बसता येईल, आणि त्या वेळात तुम्ही बाहेर जा. मुलीला एवढं तरी सांगा: ‘बाबांच्या गोळ्यांमुळे त्यांना लवकर राग येतो, तुझ्यामुळे नाही.’ हे तिला तुम्ही एकदा सांगा, आणि शांत असताना बाबांनीही सांगू द्या.

पुढच्या ओपीडीला जाताना वजन-बीपीची वही, चुकलेल्या डोसच्या तारखा, रात्री किती वाजता जाग येते त्याची आठ दिवसांची नोंद आणि सगळ्या गोळ्यांची यादी एका पिशवीत घ्या. चिठ्ठी आदल्या दिवशी पोहोचवा. आणि डॉक्टरांनी ‘बाकी कसं आहे?’ विचारलं की त्यांना बोलू द्या. ते गप्प राहिले तर तुम्ही बोला, त्यांच्यासमोरच.